चारबोटी

पंजाच्या ठशात, करंगळी आणि मधलं बोट यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, अगदी तळहाताला लागून, तुरीच्या डाळीएवढा एक पांढरा डाग होता. निकितानं टोमॅटो भरायचं प्लॅस्टिकचं लाल कॅरेट उन्हाकडे कलतं केलं आणि पुन्हा पाहिलं. डागाची वरची कड स्वच्छ होती, खालची विस्कटलेली. अनामिका मुडपून हात रंगात बुडवला आणि दाबला, की मुडपलेल्या बोटाचं पेर नेमकं तिथं टेकतं.

शेजारी तिनं सासऱ्यांच्या हातचं जुनं कॅरेट ठेवलं होतं. त्यावर त्या जागी काहीच नव्हतं. आणखी एक फरक होता, तो आजवर तिच्याही नजरेतून सुटला होता. जुन्या ठशात शेजारची दोन बोटं रिकाम्या जागेकडे कललेली होती. दाढ पडली की बाजूचे दात खिंडीकडे सरकतात, तशी ती वर्षानुवर्षं सरकत आली होती. नवऱ्याच्या ठशातली बोटं फाकलेली होती, ताठ.

नीट पाहणाऱ्या कोणालाही कळलं असतं, की हा हात पाच बोटांचा आहे आणि त्यातलं एक लपवलेलं आहे.

तिनं दोन्ही कॅरेटं थप्पीत ठेवून दिली. अंगणात तिचा नवरा ललित परातीतल्या रंगात हात बुडवून कॅरेटांवर फाडफाड ठसे मारत होता, कोणाच्या तरी थोबाडीत द्याव्यात तसे.

पंजाचं मूळ सगळ्या शिवाराला ठाऊक होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, उलट ते कौतुकानं सांगितलं जायचं. सिन्नरच्या अलीकडचं हे गाव. निकिताचे सासरे बहिरू, ज्यांना घरात तात्या म्हणत, आणि त्यांचा चुलतभाऊ बारकू यांचं बांधावरून वाजलं होतं. एका सकाळी बारकूनं तात्यांच्या मानेवर कोयता उगारला. तात्यांनी हात आडवा घातला. मान वाचली, उजव्या हाताची अनामिका मुळापासून तुटून सरीत पडली. तात्यांनी हाताला उपरणं गुंडाळलं, डाव्या हातानं फावडं उचललं आणि बारकूचा गुडघा असा फोडला, की तो पुढं मरेपर्यंत पाय ओढत चालला. बोट कुत्र्यानं नेलं.

बांध तात्यांकडे राहिला. जखम भरल्यावर त्यांनी पांढरा ऑइलपेंट आणला, हात बुडवला आणि टोमॅटोच्या एकूणएक कॅरेटवर पंजा मारला. "बाजारात माल वळखू आला पायजे," ते म्हणायचे, "आन् बारकूला बी."

नाशिकच्या बाजारात व्यापाऱ्यांना तो पंजा पाठ झाला. वर लाल आणि तळाशी फुटका, हा प्रकार त्या कॅरेटांत नसायचा. पालथं केलं तरी तोच माल. 'चारबोटी' म्हटलं की व्यापारी आधी बोली बोलायचे आणि मग माल बघायचे. हे कसं जमतं, असं घराबाहेरच्या कोणी विचारलं नाही. तळाशी एक फुटका टोमॅटो सापडला, तर तात्या ठिबकची नळी घ्यायचे आणि ज्या पोरानं ते कॅरेट भरलं असेल त्याची पाठ फोडायचे. पोरं दोन, थोरला राकेश आणि धाकटा ललित. लग्न झाल्यावर निकितानं ललितच्या पाठीवरच्या खुणा पाहिल्या. सरळ, एकमेकींना समांतर, बोटभर रुंद. तिनं विचारलं तेव्हा तो हसत म्हणाला होता, "ही आमची ग्रेडिंग."

तात्या गेले. जमीन, विहीर, गोठा, सगळ्याची वाटणी दोन बैठकींत झाली. पंजाची होईना. राकेशनं जुन्या ठशावरून एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये पत्र्याचा छाप कापून आणला आणि त्यावरून रंग फिरवू लागला. ललित म्हणाला, पत्र्याचा पंजा म्हणजे मढं, हात जिवंत पाहिजे. तो बोट मुडपून ठसे मारू लागला. दोन भाऊ एकाच बाजारात एकाच नावानं माल उतरवायला लागले. मग दोघंही आळीपाळीनं आईपुढे येऊन बसायचे.

"आई, पंजा कोणाचा? तू सांग."

अंबूबाई सुपातली नजर वर न करता म्हणायच्या, "पंजा व्हय? त्यो त्यांच्यासंगं जळाला. लाकडाच्या भायेर आला व्हता. बांबूनं आत सारला, मी बघितलं."

आणि पुन्हा सूप पाखडायला लागायच्या.

निकिता नांदगावची. वनस्पतिशास्त्रात बीएस्सी झालेली. बाजारात ओतण्यापेक्षा निवडलेली भाजी पाच किलोच्या खोक्यात भरून नाशिकच्या सोसायट्यांमध्ये घरपोच द्यावी, ही कल्पना तिची. फर्मही तिच्याच नावावर होती. बाईच्या नावानं कागद लवकर हलतात असं ललितला कोणीतरी सांगितलं होतं, त्यानंच ती करून घेतली होती. खोक्याला चेहरा हवा होता, आणि तो काढायचं काम तिनं सृष्टीला दिलं. सृष्टी तिची कॉलेजातली मैत्रीण, नाशिकला डिझाइनचा व्यवसाय करायची.

सृष्टीनं दोन रूपं काढून दिली. पहिल्यात लालभडक रंगावर पांढरा चार बोटांचा पंजा होता, खाली जाड कुंचल्याच्या अक्षरांत 'चारबोटी'. दुसऱ्यात सायीसारख्या फिक्या रंगावर टोमॅटोचा आडवा छेद होता, आतले कप्पे आणि बिया बारीक रेषेत काढलेल्या, खाली त्यांच्या वरच्या वावराचं नाव, 'टेकाडी'.

"पहिलं ओरडतं," सृष्टी म्हणाली होती. "रस्त्याच्या पलीकडून ऐकू येतं. दुसरं आपण जवळ गेलो की बोलतं. माझ्या दृष्टीनं दोन्ही चालतील. पण एकदा ठरलं की खोकं, पिशवी, गाडी, सगळीकडे तेच. मध्येच बदललंस तर लोक तुला ओळखणार नाहीत. त्यामुळे लोकांनी तुला काय समजावं, ते आधी ठरव."

निकिताचं पाहताक्षणी ठरलं होतं. दुसरं. तिनं दोन्ही कागद घरी आणून ललितपुढे ठेवले.

"हे काय?" ललितनं टोमॅटोचा कागद चिमटीत धरला. "दवाखान्याचा बोर्ड हाय का हा? कापलेला टमाटा कोण घेईल?"

"मला हे बरं वाटतंय," निकिता म्हणाली. "पंजावरून आधीच भांडण आहे. आपलं नवं काम आहे, तर नवी..."

तांब्या तिच्या कानाजवळून गेला. मागच्या भिंतीचा गिलावा उडाला, पाणी तिच्या खांद्यावर सांडलं. ललित तितक्याच जोरात उठून बाहेर गेला आणि थोड्या वेळानं परत येऊन म्हणाला, "तुला नाय मारला. भितीला मारला." निकितानं भिंतीतला खळगा पाहिला. तो तिच्या कानशिलाच्या उंचीवर होता.

त्या दिवसापासून सृष्टीचा फोन आला की ती "उद्या सांगते" म्हणायची. संक्रांत गेली, होळी गेली. सृष्टी आधी हसायची, मग चिडायची, मग म्हणाली, "निकी, छापखान्यात तुझ्या नावाची जागा धरून ठेवलीय मी. तो माणूस मला शिव्या घालतो. तुझं उद्या कधी उजाडतं एकदा सांग." निकिता म्हणाली, "उद्या." पंजा नको हे तिला ठाऊक होतं. ते तोंडातून बाहेर काढायचं धाडस होत नव्हतं.

*

निकितानं डाग पाहिला त्याच दिवशी ती दोघं ती कॅरेटं पिकअपमध्ये घालून बाजारात गेली. लिलावाच्या शेडमध्ये ललितच्या थप्पीपासून हाकेच्या अंतरावर राकेशची थप्पी होती. किशोरशेठ म्हणून जुना व्यापारी, तात्यांच्या काळापासून चारबोटी माल घेणारा. त्यानं कॅरेटवरच्या पंजावर अंगठा फिरवला, डागावर थांबला आणि मान वर केली.

"ललित, लेका, हे पाचवं कुठं दडवलंस?"

हमाल हसले. ललितही हसला, त्याला वाटलं विषय तिथंच मिटेल. पण राकेश कधी आला ते कोणाला दिसलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी भरलेलं कॅरेट उचललं आणि त्याची कड ललितच्या तोंडावर आपटली.

ललित पडला. पडता पडता त्यानं राकेशच्या पायाला मिठी मारली आणि दोघं मालावर कोसळले. थप्पी सरकली, कॅरेटं एकावर एक फुटत खाली आली. ललितनं राकेशच्या कानाला चावा घेतला आणि सोडेना. राकेश त्याच्या बरगड्यांत गुडघा घालत होता, एकाच जागी, लाकूड फोडणाऱ्याच्या लयीत. टोमॅटो त्यांच्या अंगाखाली पिचत होते. निकिता पिकअपच्या फाळक्याला धरून उभी होती. तिला टोमॅटोचा रस आणि रक्त वेगळं ओळखू येत होतं. रस पातळ होता, बियांसकट पसरत होता. रक्त जिथं पडत होतं तिथं थांबत होतं.

"सोडवा की कोणी!" ती ओरडली. "किशोरशेठ, सोडवा त्यांना!"

"भावाभावांत कोण पडेल, ताई?" किशोरशेठ मागं सरकत म्हणाला.

राकेश अंगानं दांडगा. त्यानं ललितला पालथा पाडला, पाठीवर गुडघा रोवला, त्याचा उजवा हात ओढून ओट्याच्या फरशीवर पसरला आणि अनामिका धरून सरळ केली. ललितच्या तोंडून गुरासारखा आवाज आला.

"मोजा रे!" राकेश ओरडला. त्याच्या कानातून मानेवर धार लागली होती. "एक, दोन, तीन, चार, हे बघा पाच! पाच बोटांचा चारबोटी!" शेडमध्ये हशा पिकला. मग राकेश खाली वाकला आणि धाकट्या भावाच्या कानात बोलावं तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तात्यानं बोट दिलं तव्हा त्यांना ह्यो पंजा भेटला. तू काय दिलंस रे भडव्या?"

हमालांनी तेव्हा कुठं त्याला ओढून बाजूला केलं.

घरी परतताना ललित खिडकीशी टेकून बसला होता. त्याचा खालचा ओठ फाटला होता आणि पुढचा एक दात हलत होता. निकिता गाडी चालवत होती. तो मांडीवर पसरलेल्या उजव्या हाताकडे पाहत होता. तिला वाटलं, हात दुखावला असावा.

*

सकाळी ती भाकऱ्या थापत होती. गोठ्याकडून हाक आली. "निकिता, भायेर ये. बघ."

आवाज शांत होता, म्हणून ती पिठाच्या हातानंच गेली.

कडबा तोडायच्या ओंडक्यापाशी ललित उकिडवा बसला होता. उजव्या हाताची बाकीची बोटं त्यानं मुठीत आवळली होती आणि अनामिका तेवढी ओंडक्यावर ताठ ठेवली होती. डाव्या हातात कोयता. तिला पाहून त्यानं मान हलवली, साक्षीदार आला एवढंच म्हणावं तशी. ती ओरडण्याआधीच कोयता खाली आला. आवाज गाजर चिरल्यासारखा झाला.

पहिला श्वासभर काहीच वाहिलं नाही. मग रक्त उसळलं. ललित उठला, दोन पावलं झोकांडला, भिंतीशी ठेवलेलं रिकामं कॅरेट त्यानं डाव्या हातानं ओढलं आणि उजवा पंजा त्यावर दाबला. हात उचलून पाहिलं. लाल प्लॅस्टिकवर लाल काही उमटलं नव्हतं, ओलं तेवढं चमकत होतं.

"पांढरा आण," तो म्हणाला. "पांढरा रंग आण गं."

निकितानं ओढणी ओढून काढली, जखमेवर गच्च दाबली आणि हात त्याच्या डोक्याच्या वर नेऊन धरला. तो तिला ढकलत होता. त्याच्या कोपरानं तिचं नाक ठेचलं, तिनं हात सोडला नाही. एक कोंबडी पंख फडफडवत ओंडक्याकडे धावली. अंबूबाई ओसरीवरून आल्या त्या सरळ कोंबडीला लाथ घालतच. त्यांनी बोट उचललं आणि पदरात धरलं.

"कुत्र्यानं नेलं व्हतं तव्हा," त्या म्हणाल्या. "आता नाय नेऊ द्यायचं."

"आई, माझ्याकडे द्या," निकिता म्हणाली. "आणि ह्यांचा हात असा वर धरा. खाली येऊ देऊ नका."

खोक्यांच्या कामासाठी आणलेल्या झिपच्या पिशव्या घरात होत्या. तिनं स्वच्छ रुमाल पाण्यात पिळून बोटाभोवती गुंडाळला, पिशवीत बंद केला, पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवली. बर्फ बोटाला थेट लागता कामा नये, तसं झालं तर पेशी मरतात. हे ती स्वतःला मोठ्यानं सांगत होती.

पिकअपमध्ये तिघं बसली. निकिता चाकावर, मध्ये ललित, दाराशी अंबूबाई, मांडीवर डबा. नाशिकरोड मागं पडलं. ललितनं अचानक डब्यावर झडप घातली.

"टाकून द्या ते! काच खाली घे, आई. मी तोडलंय, मला नको हाय!"

अंबूबाईंनी डबा पोटाशी धरला आणि मोकळ्या हातानं त्याच्या थोबाडीत दिली. फाटलेला ओठ पुन्हा फुटला. त्यानं पुन्हा हात घातला, त्यांनी पुन्हा दिली. बापानं मारलेल्या त्या पोराला आईनं असं पहिल्यांदाच मारलं असावं, कारण तो चकित होऊन तिच्याकडे बघतच राहिला.

"नऊ म्हयने लागलेत मला ते करायला," अंबूबाई धापा टाकत म्हणाल्या. "तुझं कशावरून रे?"

नाशिकच्या द्वारका चौकात सगळं तुंबलं होतं. बस, ट्रक, रिक्षा, चारही बाजूंनी हॉर्न. निकितानं गाडी उलट्या बाजूनं घातली. एका रिक्षाचा आरसा तुटला, रिक्षावाला बॉनेटवर मुठी आपटत शिव्या देत आला. काचेतून आतलं रक्त दिसल्यावर तोच वळला आणि पुढच्या गाड्या हटवायला लागला.

*

डॉक्टरांनी हात पाहिला, पिशवी उघडून बोट पाहिलं आणि निकिताला म्हणाले, "कोणी बांधलं हे?"

"मी."

"बरं आणलंय. काप सरळ आहे, शिरा जुळायला हव्यात. पण आत्ताच्या आत्ता करायला लागेल." ते ललितकडे वळले. "कसं झालं?"

"मीच तोडलं," ललित म्हणाला. इंजेक्शननं वेदना उतरली होती आणि त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान आलं होतं. "जोडू नका. नुसती जखम शिवा."

"का?"

"आमचा ब्रँड हाय तो."

डॉक्टरांनी जखमेवर पट्टी गुंडाळली. मग ते निकिताला बाजूला घेऊन म्हणाले, "पेशंट शुद्धीत आहे. त्याच्या सहीशिवाय मला हात लावता येणार नाही. मी ऑपरेशन थिएटर लावतो. लागलं की एकदा विचारीन. नाही म्हणाला तर शिवून टाकीन. मग ते बोट पुन्हा नाही."

निकिता खाटेशी आली. "ऐका माझं. तुमचा ठसा तात्यांसारखा येणारच नाही. त्यांची शेजारची बोटं वाकली होती, जुन्या कॅरेटवर बघा. तुमची सरळ आहेत. बोट गेलं तरी फरक दिसेल."

ललित हसला. ओठातून रक्त आलं. "मी नाय बघितलं का ते? सरकतील माझीबी. त्यांची काय एका रात्रीत सरकली? मी थांबीन." त्यानं पट्टीत गुंडाळलेला हात वर करून पाहिला. "आता कोणी मोजून दाखवावं म्हणा."

तिच्या लक्षात आलं, की त्यानं सगळ्याचा विचार केला होता. तिनं मांडलं असतं ते प्रत्येक कारण त्यानं आधीच हिशेबात धरलं होतं. एकच सोडून, की पंजा खोक्यावर नसला तर काय.

अंबूबाईंचा फोन वाजला. त्या फोन नेहमी कानापासून लांब, मोठ्या आवाजात धरायच्या, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. राकेश होता.

"आई, खरं का गं? ललितनं बोट तोडलं?"

"तोडलं."

"कोणतं?"

"तुझ्या बापाचं गेलं तेच."

"जोडून घेतोय का?"

"नको म्हणतोय."

"आसं व्हय." राकेशचा आवाज खाली गेला. त्यात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मंग मी काय पत्रा घेऊन फिरू का आता? थोरला मी हाय, आई. त्याच्या आधी माझं जायला पायजे व्हतं. माझ्याबी घरात कोयता हाय."

"राकेश! ए राकेश!"

फोन बंद झाला. अंबूबाईंनी पुन्हा लावला, त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला.

खाटेवर ललित उठून बसायला लागला होता. "करू दे त्याला! मी आधी केलंय. सगळ्या गावाला सांग, मी आधी!"

"गेला त्यो कोयता आणाया," अंबूबाई निकिताला म्हणाल्या. "मी वळखते त्याला. हात जळाला म्हणून सांगितलं, तर हे दुसरे हात करायला निघाले. एकाचं झालं, दुसऱ्याचं व्हईल, उद्या ह्यांची पोरं बसतील वंडक्यापाशी. मी बोलून काय व्हणार? माझं कोणाच्या नावावर काय हाय?" त्यांनी पदरानं हातावरचं वाळलेलं रक्त घासलं. "ती तुझी खोक्याची फर्म कोणाच्या नावानं हाय गं?"

"माझ्या."

"मंग माझ्या तोंडाकडं काय बघती?"

निकितानं नाकाखाली हात फिरवला. तिथलं रक्त सुकून खरखरीत झालं होतं. तिनं खिशातून फोन काढला आणि आवाज मोठा करून सृष्टीला लावला. दारात डॉक्टर येऊन उभे राहिले, हातात संमतीचा कागद. तिनं त्यांना खुणेनं थांबवलं; सही विचारण्याआधी हे ललितच्या कानावर पडायला हवं होतं.

"निकी, बरं झालं केलास," सृष्टी घाईत होती. "छापखान्यात प्लेट लावायला घेतायत. तुझ्या मिस्टरांनी पहाटेच मेसेज टाकलाय मला, पंजाच फायनल, आज खरा फोटो पाठवतो म्हणून. खरा म्हणजे काय? तू काही बोलणार नसशील तर मी तेच देऊन टाकते. देऊ?"

"दे म्हण," ललित म्हणाला. त्याच्या डाव्या हातानं तिचं मनगट पकडलं. अख्खा जोर त्यानं त्या पकडीत घातला होता, हाडावर हाड घासल्याचं तिला जाणवलं. "निकिता. दे म्हण तिला. ह्याच्यासाठी बोट दिलंय मी. घरी यायचंय ना तुला?"

घरच्या भिंतीतला तो खळगा तिनं अजून बुजवला नव्हता. ती जिथं उभी होती तिथून त्याचा हात तिच्या तोंडापर्यंत सहज पोचला असता. तिनं मनगट ओढून घेतलं नाही, मागंही सरकली नाही.

"हॅलो? निकी, आहेस का? देऊ का पंजा?"

"नको," निकिता म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "पंजा नको, सृष्टी. फर्म माझी आहे आणि मी सांगतेय. दुसरं छाप, टेकाडी. खोक्यावर, पिशवीवर, गाडीवर, सगळीकडे तेच. पंजा कुठंच यायला नको. ह्यांचा नको, राकेशदादांचा नको, आणि तात्यांचाही नको."